बिनबुडाचा वर्ग

वाचनालयाच्या मागच्या अंगणात, पेरूच्या विरळ सावलीत, मडकी भिंतीला टेकून ओळीने ठेवली होती. त्यांचे ओठ सुबक होते, गळे रेखीव होते, आणि वरून डोकावले तर खालची जमीन स्वच्छ दिसत होती. शुक्रवारची सुट्टी असल्यामुळे वस्तीतले यंत्रमाग बंद होते. आठवडाभर ज्या खडखडाटाखाली नारपोली आपले बोलणे लपवून ठेवते, तो थांबला की तिथे एक उघडीवाघडी शांतता पसरते. त्या शांततेत विचारलेला साधा प्रश्नही भिंतीवर आदळून परत येतो.

नईमभाईंनी तसाच प्रश्न विचारला. त्यांनी एक मडके दोन्ही हातांनी उचलले, दुर्बिणीसारखे डोळ्याला लावले, त्यातून आपल्या गुरूकडे पाहिले आणि म्हटले, "दाजी, बुरा मत मानना. पर इसका पेंदा किधर है?"

कुंभारकामाचा हा वर्ग सुरू होऊन काही शुक्रवार उलटले होते. हा प्रश्न पहिल्या दिवसापासून प्रत्येकाच्या मनात होता आणि प्रत्येकाने तो निरनिराळ्या कारणांनी गिळला होता. आनंदीबाई प्राथमिक शाळेत शिकवत. पुढच्या धड्यातले आधी विचारणाऱ्या मुलांचा त्यांना स्वतःलाच राग येई. विठू मागांच्या कारखान्यात जॉबर होता. बिघडलेला माग दुरुस्त करणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या यंत्रात बोट घालू नये, असा त्याचा नेम. आणि पंढरी, म्हणजे वाचनालयाचा ग्रंथपाल, मराठी घेऊन बी. ए. झालेला, अविवाहित आणि कवितेने आतून पोखरलेला, त्याला तर बूड नसणे हाच त्या मडक्यांचा आशय वाटला होता. काळच असा आहे, असे त्याने मनाशी ठरवूनही टाकले होते. उत्तर प्रदेशातून येऊन मागावर उभे राहिलेले नईमभाई तेवढे या सगळ्या सभ्यतेतून सुटले होते.

दाजींनी वर्गासाठी आणलेल्या चाकाची काठी उगाच हातात फिरवली.

"बूड नंतर," ते म्हणाले.

"नंतर मतलब कब?"

"नंतर म्हंजे नंतर. तुमी आधी धागा लावता का आधी धोतर नेसता? आधी तोंड. तोंड साधलं का बूड आपसूक येतं."

हे उत्तर सगळ्यांना पटल्यासारखे झाले. दाजींच्या पांढऱ्या मिशांना आणि कोपरापर्यंत चढलेल्या मातीला एक अधिकार होता; त्या अधिकाराखाली बरेच काही झाकले जाई. फक्त आनंदीबाई हलकेच म्हणाल्या, "दाजी, आखिती जवळ आली."

त्यांनी आठवण दिली ती एका शपथेची. पहिल्याच शुक्रवारी, माती भिजवायच्याही आधी, आनंदीबाईंनी आपण वर्गाला का आलो ते सांगितले होते. मागच्या दिवाळीनंतर त्यांची आई वारली होती. आई घराच्या ओट्यावर, रस्त्याच्या बाजूला, पाण्याचा माठ भरून ठेवी. शिफ्ट सुटलेली माणसे केसांत कापसाचे तंतू घेऊन येत आणि घटाघटा पाणी पिऊन जात. आई गेली, आणि माठही त्याच थंडीत तडकला. आखितीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, पितरांच्या नावाने पाण्याने भरलेला घट द्यायचा असतो. तो घट आनंदीबाईंना स्वतःच्या हातांनी घडवायचा होता. "बाजारातला आईला चालला असता," त्या म्हणाल्या होत्या. "मला चालत नाही." आणि मग, शिक्षिकेच्या स्वभावाप्रमाणे, खात्री करून घेण्यासाठी त्यांनी विचारले होते, "पाणी राहील ना त्यात?"

तेव्हा दाजींनी पेरूच्या झाडाला हात लावून सगळ्यांच्या देखत सांगितले होते, "बाई, आखितीला तुमच्या घटात पानी न्हाय ऱ्हायलं, तर घरचं चाक मी सोता नेऊन खाडीत टाकीन. वाडवडलांचं चाक हाय. पुन्यांदा मातीला हात लावनार न्हाय."

शपथ घेताना दाजींच्या मनात कसलीही शंका नव्हती. आयुष्यभर त्यांनी घडवलेल्या प्रत्येक मडक्यात पाणी राहिले होते. ते का राहते, याचा विचार करायची वेळ त्यांच्यावर कधी आली नव्हती, इतकेच.

खारबाव गावातल्या त्यांच्या घराला दोन अंगणे आहेत. पुढचे दाजींचे, तिथे चाक आहे. मागचे त्यांच्या बायकोचे, ठमाबाईंचे. तिथे थापी आहे. कुंभाराच्या घरात बाईने चाकाला शिवू नये आणि पुरुषाने थापी उचलू नये, ही रीत. दाजी चाकावर मडक्याचे तोंड काढत, गळा काढत, खाली जाड, ओबडधोबड भिंत तशीच ठेवत आणि सगळे बूड नसतानाच उतरवून घेत. अर्धवट सुकले की ते मागल्या दारी जाई. तिथे ठमाबाई आतून दगडी गुंडा धरत, बाहेरून लाकडी थापीने थापटत. भिंत पातळ होत जाई, पोट फुगत जाई, आणि खालचे भगदाड हळूहळू, जखम भरून यावी तसे, मिटत जाई. मग मडके आव्यात भाजले जाई आणि पुढच्या दाराने बाजारात जाई. जगाला पुढचे दार दिसते. दाजी त्या दारात बसलेले असत.

वाचनालयाच्या कार्यकारिणीलाही तेच दिसले. उन्हाळ्यापुरता लोकोपयोगी उपक्रम म्हणून कुंभारकामाचा वर्ग काढायचे ठरल्यावर मंडळी खारबावला गेली, पुढच्या अंगणात खाटेवर बसली, आणि चिटणिसांनी कौतुकाने विचारले, "दाजी, हे सगळं तुम्ही एकट्यानं करता?"

"तर!" दाजी म्हणाले होते. "मडक्यात दुसऱ्या मानसाला जागा कुठं हाय?"

मागच्या अंगणातून येणारा थापीचा आवाज तेवढ्यात थांबला. ठमाबाईंनी मंडळींना चहा दिला, बशा पुसून दिल्या, कुणाकडे बघितले नाही. पाहुणे गेल्यावर त्यांनी थापी आणि गुंडा जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधून माळ्यावर टाकले आणि हात झटकत म्हटले, "एकट्याचं हाय ना? मंग एकट्यानं करा."

दाजींना वाटले, संध्याकाळपर्यंत राग जाईल. बायकोचा राग हा पाहुण्यांसारखा असतो, चहा पिऊन जातो, असे त्यांचे मत होते. पण शिमगा सरला, चैत्र लागला, मळ्यावर पाणी सोडून सोडून विहिरी तळाला गेल्या. माळ्यावरचे गाठोडे खाली आले नाही. घरात जेवण वेळेवर मिळे. बोलणेही होई. फक्त मागचे अंगण गप्प होते, आणि त्या गप्प बसण्याने पुढच्या अंगणात मडक्यांची नुसती तोंडे साठत चालली होती.

नईमभाईंच्या प्रश्नानंतर मात्र दाजींना हालचाल करणे भाग पडले. पुढच्या शुक्रवारी त्यांनी मातीची एक चकती लाटली, मडक्याच्या खाली चिकटवली, सांधा बोटाने लिंपला आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "ह्ये बूड."

"आपसूक येणार होतं ना?" विठूने विचारले.

"कधी आपसूक येतं, कधी आनावं लागतं. गप बस."

त्याच्या पुढच्या शुक्रवारी, वाळलेल्या त्या मडक्यात वर्गाने पाणी ओतले. बूड राहिले. पाणी सांध्यातून निघून पेरूच्या मुळांशी गेले.

"पेरू चांगला येईल," आनंदीबाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थट्टा होती, पण थट्टेच्या खाली, तळाशी, दुसरेही काही होते, आणि ते दाजींना ऐकू आले. त्यांनी मान खाली घातली. आता त्यांनी असे काही केले, जे त्यांच्या सात पिढ्यांत कुणी केले नसेल. त्यांनी पंढरीच्या टेबलावरचा काचेचा गोल पेपरवेट मागून घेतला, आनंदीबाईंच्या पिशवीतली लाकडी पट्टी मागून घेतली, ओल्या गोणपाटाखालचे एक मडके मांडीवर आडवे घेतले आणि आतून पेपरवेट धरून बाहेरून पट्टीने थापटायला सुरुवात केली.

सगळे पुढे वाकून पाहू लागले. पट्टीवर सेंटिमीटरच्या खुणा होत्या; त्या मातीवर उमटत गेल्या. नवव्या की दहाव्या थापेला पट्टी मडक्याच्या पोटातून आरपार गेली आणि आतल्या पेपरवेटवर आदळून थांबली.

"लगता है, पेंदा बाजू से निकला," नईमभाई म्हणाले.

"दाजी," विठूने अगदी निरागसपणे विचारले, "खाडीला भरती कधी असते हो? चाक वाहून गेलं पाहिजे, चिखलात रुतून राहिलं तर लोक बघतील."

दाजींनी पट्टी पुसून आनंदीबाईंच्या हातात दिली.  मग मातीच्या गोळ्याकडे बघत म्हणाले, "घरचं मानूस रुसलंय."

आणि ज्या क्षणी ते हे बोलले, त्या क्षणी वर्गाला मडक्याचे सगळे शास्त्र एकदम समजले.

रुसलेल्या माणसाची समजूत काढायला आनंदीबाई आणि पंढरी एस. टी.ने खारबावला गेले. जाताना दाजींनी घडवलेले एक ताजे, बिनबुडाचे मडके त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळून सोबत घेतले होते. ठमाबाई मागच्या अंगणात तांदूळ निवडत बसल्या होत्या. उंच, सडसडीत बाई. कपाळावर गोंदण, आणि चेहऱ्यावर असे काही हसू की ते आपल्याला आहे की आपल्यावर, हे ठरवता येऊ नये.

"या, या. गुरुजींचं चेले. बसा. वर्ग कसा चाललाय?"

"बिनबुडाचा चाललाय, ठमाबाई," आनंदीबाई म्हणाल्या.

"असा कसा चालंल? गुरुजी मोठं हायत. कमिटीनं पारखून नेल्यात."

पंढरीने घसा साफ केला. वाटेत त्याने एक छोटे प्रास्ताविक जुळवले होते. "खरं सांगायचं तर, त्या मडक्यांमधली जी पोकळी आहे, ती आम्हाला..."

"पोकळी न्हाय ती, भाऊ. भोक हाय." ठमाबाईंनी तांदळातला खडा उचलून लांब फेकला. "पोकळी मडक्याच्या पोटात असते. तिच्यात पानी ऱ्हातं."

आनंदीबाईंनी फडके सोडले. ठमाबाईंचा हात तांदळातून आपोआप बाहेर आला. त्यांनी मडक्याच्या ओठावरून बोट फिरवले, सावकाश, एका टोकापासून परत त्या टोकापर्यंत. "तोंड मातर कसं काढलंय मेल्यानं," त्या पुटपुटल्या. मग आपण हे मोठ्याने बोललो हे लक्षात येऊन त्यांनी हात पदराला पुसला.

"मग चला ना," आनंदीबाई म्हणाल्या. "माझ्या आईच्या घटासाठी चला."

"तुमच्या आईसाठी येईन बाई, पन फुकट न्हाय येनार." ठमाबाईंनी सूप बाजूला सारले. "ऐका. ह्ये गाव माझं म्हायेर. ह्ये इथं आले जावई म्हनून. माझ्या भावांनी ह्यांना दाजी म्हनलं. मंग आळीनं म्हनलं, मंग गावानं, आता तुमच्या कमिटीनं फळ्यावर लिवलंय. ह्यांचं खरं नाव काय, इचारा बरं कुनाला! ह्यांनाबी आठवाया येळ लागंल. म्हंजे नाव मिरवतात ते माझ्यावरून पडलेलं, आन माझं नाव काय ह्यांच्या तोंडी येत न्हाय. 'अगं', 'ऐकलं का', 'कुठं गेलीस'. ह्याच्यावर जलम गेला माझा. म्या कधी कुरकुर केली न्हाय. पन त्या दिवशी म्हनले, मडक्यात दुसऱ्याला जागा न्हाय. अर्धं मडकं तर मीच हाय!"

बोलता बोलता त्यांचे हसू क्षणभर विझले. आणि ते विझल्यावरच कळले की आतापर्यंत ते कशावर पांघरलेले होते.

"तुमच्या अंगनात, समद्यांच्या देखत, मडक्याचं बूड कुनाचं ते सांगावं. नाव घेऊन. मी थापी घेऊन येते."

"आणि नाही घेतलं तर?" पंढरीने विचारले.

"मंग खाडी हाय की. ह्यांची शपथ घरी ऐकलीया म्या. चाक जड हाय मातर. मागावरली चार मानसं बोलवा हात लावाया."

ही अट वर्गात सांगितली तेव्हा दाजींच्या हातातली काठी गळून पडली.

"नाव? बायकोचं? बाजारात?"

"बाजारात नाही, अंगणात," आनंदीबाई म्हणाल्या.

"आयुक्ष कमी व्हतं म्हनतात."

"वो तो बीवी शौहर का नाम ले, तब कहते हैं," नईमभाईंनी खुलासा केला. "उल्टे में कोई खतरा नहीं, दाजी. मैंने तो घर में रोज़ लिया, देखो, ज़िंदा हूँ."

"लग्नात घेतलं असेल ना कधी? उखाणा?" विठूने विचारले.

"तवाबी मी पाटावरून उठून पळालो व्हतो," दाजी म्हणाले, आणि त्यांच्या म्हातारपणाच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

तेव्हा पंढरी पुढे सरसावला. उखाण्याची जबाबदारी त्याने स्वतःवर घेतली. दोन दिवस तो वाचकांना चुकीची पुस्तके देत राहिला आणि अखेर दाजींना त्याने आपली रचना म्हणून दाखवली:

"परिघावर फिरत राहिलो मी,
एक निराधार बोट;
आणि तळाशी, जिथे कुणीच पाहत नाही,
तू होतीस, ठमा,
अंधाराला आकार देत."

दाजींनी ती दोनदा म्हणवून घेतली. "चांगलं हाय," ते सावधपणे म्हणाले. "पन ह्यात जुळतंय कुठं?"

"मुक्तछंद आहे, दाजी."

"म्हंजे सुटलेला? बैल सुटतो तसा?"

"जवळजवळ," पंढरी म्हणाला, आणि त्याला स्वतःलाही ती व्याख्या वाईट वाटली नाही.

अक्षय्यतृतीयेआधीचा तो शेवटचा शुक्रवार. त्यानंतर वाळायला आणि भाजायला जेमतेम वेळ उरणार होता. आनंदीबाईंनी आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर येऊन आपला घट चाकावर स्वतः काढला होता. त्याचा ओठ एका बाजूला किंचित झुकलेला होता, बोलता बोलता थांबलेल्या माणसासारखा, आणि तो रात्रभर ओल्या गोणपाटाखाली होता. दाजी आणि ठमाबाई खारबावहून एकाच एस. टी.ने आले, पण दाजी पुढे बसले होते आणि ठमाबाई मागे, बायकांच्या बाकावर. हिरवे लुगडे, मांडीवर गाठोडे. अंगणात मात्र त्या आल्या नाहीत. वाचनालय आणि अंगण यांच्या मधल्या उंबऱ्यावर त्या बसल्या. तिथून पुढे यायचे की मागे फिरायचे, हे अजून ठरायचे होते. त्यांच्या मागे वर्तमानपत्रे वाचणारी मंडळी बातम्या सोडून गोळा झाली.

दाजी चाकाजवळ उभे राहिले. त्यांनी पागोटे नीट केले, पंढरीकडे पाहिले आणि सुरुवात केली.

"परिघावर..." ते थांबले. "परिघावर फिरत ऱ्हायलो मी, एक निराधार..." पुन्हा थांबले. "एक निराधार म्हातारा..."

"बोट," पंढरी कुजबुजला.

"बोट," दाजी म्हणाले. "आन तळाशी... तळाशी..."

पुढचे त्यांना आठवेना. शुक्रवारची शांतता अंगणात पाण्यासारखी वाढत चालली. उंबऱ्यावरच्या बाईने गाठोड्याची गाठ एकदा सोडली होती. ती तिने पुन्हा बांधायला घेतली. आनंदीबाई आपल्या घटावरच्या गोणपाटाकडे पाहत होत्या. दाजींनीही तिकडे पाहिले. मग त्यांनी पंढरीकडे बघून मान हलवली, रचना परत करावी तशी, आणि आपल्याच मातीच्या हातांकडे पाहत ते भरभर बोलून गेले:

"तोंड केलं, गळा केला, मिरवलो मी गावभर;
ठमानं दिलं बूड, म्हनून पानी ऱ्हायलं घागरभर."

कुणी हसले नाही. हसायचे सगळ्यांनी ठरवले होते, पण त्या नावाला इतक्या वर्षांनी बाहेरची हवा लागली होती की ते अंगणात अजून उभेच असल्यासारखे वाटले.

ठमाबाईंनी कानामागे हात धरला. "काय म्हनले? ऐकू न्हाय आलं. मागाचा आवाज केवढा हाय इथं."

"माग बंद हायत आज!" दाजी कळवळून म्हणाले.

"व्हय का? मंग आता ऐकू येईल. पुन्यांदा म्हना."

आता मात्र अंगण फुटले. विठू पेरूच्या झाडाला धरून हसत होता, नईमभाई म्हणत होते, "मुकर्रर, मुकर्रर!" दाजींनी एकदा आभाळाकडे पाहिले. यमक त्यांना दुसऱ्यांदा जमले नाही. ते उंबऱ्यापर्यंत चालत गेले, गाठोड्याकडे हात पुढे केला आणि नुसतेच म्हणाले, "ठमा. चल."

ठमाबाई उठल्या. गाठोडे त्यांनी दाजींच्या हातात दिले नाही. थापीला पुरुषाचा हात लागू नये ही रीत त्यांना अजून मान्य होती. पण अंगणात येताना, दाजींच्या शेजारून जाताना त्या अगदी हळू म्हणाल्या, "घागरभर बरं सुचलं."

त्या खाली बसल्या, पाय पसरून, आणि दाजींनी काढलेले एक मडके त्यांनी मांडीवर घेतले. आतून गुंडा, बाहेरून थापी. तो आवाज त्या अंगणात कुणी ऐकला नव्हता: ओला, घुमटदार, एका लयीतला. आठवडाभर जिथे लोखंड लोखंडावर आदळत असते, तिथे लाकूड मातीशी बोलत होते. जाड भिंत हळूहळू सैल झाली, पोटाला गोलाई आली आणि खालचे भोक, ज्यातून इतके दिवस जमीन दिसत होती, ते रुपयाएवढे झाले, मग चार आण्याएवढे, मग टिकलीएवढे. मग तिथे फक्त माती होती. पंढरीला काही सुचले होते, पण त्याने ते कुणाला सांगितले नाही.

"थोडं गळ्याच्या खाली घे," दाजींनी सवयीने सूचना केली.

"तुमचं तोंड झालं ना काढून?" ठमाबाई न थांबता म्हणाल्या. "मंग मिटा आता."

मग गोणपाटाखालचा झुकलेल्या ओठाचा घट पुढे घेऊन त्यांनी थापी आनंदीबाईंच्या हातात दिली, कारण तो घट आनंदीबाईंचा होता. "शाळंतल्यावानी मारू नका, बाई. थापटा. गुंडा जिथं हाय तिथंच थापी पडली पायजे. आतला हात दिसत न्हाय, तो वळखायचा." पहिल्या काही थापा चुकल्या. मग एक बरोबर पडली, तिचा आवाज निराळा आला, आणि आनंदीबाईंनी डोळे मिटून घेतले. विठूने आणि नईमभाईंनीही थापी मागितली, तेव्हा ठमाबाईंनी रीतीचा क्षणभर विचार केला. "तुमी कुंभार न्हाय," त्या म्हणाल्या. "तुमाला चालतंय. ह्यांना न्हाय."

संध्याकाळी पंढरीने फळ्यावर, 'शिक्षक: दाजी' याच्या शेजारी नाव लिहायला खडू उचलला. ठमाबाईंना वाचता येत नव्हते. जागा मात्र त्यांनी दाखवली. "खाली लिवा. बूड खाली असतं."

अक्षय्यतृतीया कामाच्या वारी आली. घट खारबावच्या आव्यात भाजून, पेंढ्यात गुंडाळून, बैलगाडीतून आला होता: लालसर, पोटावर धुराचा एक काळा डाग, ओठ अजून तसाच किंचित झुकलेला. आनंदीबाईंनी तो स्वतःच्या ओट्यावर नेला नाही. वाचनालयाच्या फाटकाशी, रस्त्याच्या कडेला, वाळूच्या बैठकीवर ठेवला. आईचे नाव घेऊन त्यांनी त्यात कळशीभर पाणी ओतले, वर फूल सोडले आणि एक पाऊल मागे सरकल्या. चारही बाजूंनी माग धडधडत होते. दाजी वाकून घटाच्या खालच्या बाजूकडे पाहत होते. चाक अजून त्यांच्याच अंगणात होते आणि त्यांना ते तिथेच राहायला हवे होते.

थोड्या वेळाने घटाच्या पोटावर ओल उमटली. एक थेंब जमला, थरथरला, खाली उतरला.

"दाजी!" विठू मागांच्या खडखडाटातही ऐकू जाईल असा ओरडला. "खाडी!"

दाजींचा चेहरा मातीच्या रंगाचा झाला. आनंदीबाईंनी ओठ घट्ट मिटले. ठमाबाई पुढे झाल्या, तळहात घटाच्या पोटावर ठेवला, मग तोच तळहात दाजींच्या गालाला लावला, सगळ्यांच्या देखत.

"गळत न्हाय. पाझरतंय. नवं हाय. पाझरंल तवा गार हुईल. लगीन झाल्यापास्नं मडकी इकता, एवढं ठावं न्हाय?"

दाजींना ठाऊक होते. त्या दिवशी ते विसरले होते.

दुपारच्या शिफ्टचा भोंगा झाला तेव्हा घट अजून भरलेलाच होता. नईमभाई कारखान्यातून बाहेर आले. भुवयांवर कापूस, बनियन घामाने चिकटलेले. त्यांनी डोक्यावर रुमाल टाकला, ओंजळ धरली, आणि आनंदीबाईंनी तांब्याने पाणी घातले. ते पुष्कळ वेळ पीत राहिले. त्यांच्यामागे त्यांच्या गावाकडून नुकताच आलेला एक मागवाला उभा होता. पाणी पिऊन त्याने तोंड पुसले, घटाकडे पाहिले आणि मागांच्या वरताण ओरडून विचारले, "बढ़िया ठंडा है! किसने बनाया?"

दाजींनी आनंदीबाईंकडे बोट केले. मग, आवाजात काही ऐकू जाणार नाही म्हणून, दोन्ही हात तोंडाशी धरून पूर्ण ताकदीने ओरडले, "बूड ठमाचं!"

ठमाबाईंनी पदर तोंडाला लावला. दाजी जरा घुटमळले. मग त्यांच्याने राहवले नाही.

"आन तोंड काढाया म्या शिकवलं!"

"ते बघा," ठमाबाई आनंदीबाईंच्या कानाशी म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाच्या ओंजळीत पाणी घालायला त्यांनी तांब्या आपल्या हातात घेतला.